टोपली, चिखलाचे कापड आणि आडवे ठेवलेले आसन

काही आठवड्यांपूर्वी घानाहून आलेले खोके उघडले, तेव्हा शेजारच्या काकू नेमक्या घरी आल्या होत्या. खोक्यातून निघालेल्या सहाही टोपल्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या चेपून एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांची ती अवस्था पाहून काकूंना वाटले की वाटेत सगळा माल चेंगरून वाया गेला. मी बादलीभर पाणी घेतले, मुठीचे चामडे भिजणार नाही अशा बेताने पहिली टोपली पाच मिनिटे त्यात बुडवली, बाहेर काढून ओल्या गवताला आतून हाताच्या मुठीने ढकलत गोलाई आणली, कड दोन्ही हातांनी सारखी केली आणि टोपली एका मोठ्या पातेल्यावर उपडी घालून सावलीत ठेवली. संध्याकाळी ती वाळून ताठ झाली, तेव्हा काकूंनी ती उचलून पाहिली, बोटाने वाजवून पाहिली आणि विचारले, "ही गवताची आहे?"

गवताचीच आहे. मी पुण्यात गृहसजावटीची कामे करते आणि त्याआधी यजमानांच्या नोकरीमुळे चार वर्षे घानाच्या अक्रा शहरात राहिले. त्या चार वर्षांत पश्चिम आफ्रिकेतील हस्तकलेबद्दल जे थोडेफार पाहता आणि शिकता आले, ते इथे परतल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी समजावून सांगण्याचा प्रसंग येतो, कारण आता आपल्याकडेही दिवाणखान्यासाठी "आफ्रिकन लुक" मागण्याची पद्धत पडू लागली आहे. या सहा टोपल्या अशाच एका घरासाठी मागवल्या होत्या. बाणेरमधील एका तरुण दांपत्याने सोफ्यामागच्या भिंतीवर त्या टांगायचे ठरवले होते, आणि भिंतीला नीट चिकटून बसाव्यात म्हणून त्यांच्या मुठी कापून टाकाव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. मी नकार दिला. तो का दिला, हे त्या दोघांना मी तासभर सांगितले, आणि तेच इथे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

घानाच्या उत्तरेकडे, बुर्किना फासोच्या सीमेजवळ, बोल्गाटांगा नावाचे गाव आहे. या टोपल्या त्या परिसरातल्या, म्हणून जगभर त्यांना बोल्गा टोपल्या म्हणतात. तिथल्या फ्राफ्रा समाजाचे हे परंपरागत काम आहे. पावसाळ्यात ज्वारी-बाजरीची शेती करायची आणि कोरड्या महिन्यांत झाडाच्या सावलीत घोळक्याने बसून टोपल्या विणायच्या, असा तिथला क्रम आहे. विणणाऱ्यांत बायका अधिक असल्या, तरी पुरुषही विणतात. गवताची एक काडी घ्यायची, ती उभी चिरून तिचे दोन भाग करायचे आणि ते दोन्ही भाग पुन्हा एकमेकांत पिळायचे, ही या कामाची पहिली पायरी. आधी चिरायचे आणि मग पुन्हा एकत्र आणायचे, हे प्रथम पाहताना व्यर्थ श्रम वाटतात, परंतु टोपलीचे सगळे बळ त्या पिळातच असते. कोकणात काथ्याचे सुंभ वळताना कुणी पाहिले असेल, तर सुटा धागा आणि पिळलेला धागा यांत किती अंतर असते, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. एका टोपलीसाठी अशा शेकडो काड्या पिळाव्या लागतात. रंगीत टोपली असेल तर काड्यांच्या जुड्या उकळत्या रंगात बुडवून वाळवायच्या, त्यानंतर तळापासून विणत वर यायचे आणि शेवटी बाहेर डोकावणारी टोके कातरून टाकायची. एवढे झाले की टोपली दुसऱ्या कारागिराकडे जाते. मूठ चामड्याने मढवण्याचे काम विणणारी व्यक्ती करत नाही. ते चर्मकाराचे काम आहे. म्हणजे एका मुठीमागे आणखी एका माणसाचा रोजगार असतो, आणि भिंतीवर नीट बसावी म्हणून आपण ती मूठ कापायला निघतो.

मुळात ही वस्तू भिंतीसाठी नव्हतीच. मोड आणलेल्या ज्वारीपासून केली जाणारी पिटो नावाची स्थानिक बिअर गाळण्यासाठी अशा विणीच्या टोपल्या वापरत, म्हणजे आपल्याकडे तांदूळ धुऊन निथळत ठेवायला रोवळी असते, तसाच तिचा घरातला उपयोग. पुढे बाजारहाटाची टोपली म्हणून ती रूढ झाली आणि नंतर परदेशी गेली. आज मागणी इतकी वाढली आहे की उत्तरेकडचे गवत पुरत नाही आणि बरेचसे गवत दक्षिणेतील आशांती प्रदेशातून ट्रकने मागवावे लागते. विणणारणीला गवत विकत घ्यावे लागते, रंग विकत घ्यावा लागतो आणि टोपलीचा भाव मात्र व्यापारी ठरवतो. या साखळीतला सर्वांत अशक्त दुवा कोण, हे बुरूडकाम करणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांकडे पाहिले तरी कळण्यासारखे आहे.

"आफ्रिकन लुक" या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी ग्राहकांसमोरही मोकळेपणाने मांडते. आफ्रिका खंडात पन्नासहून अधिक देश आहेत, हजारांहून अधिक भाषा आहेत आणि सहारा वाळवंटापासून कांगोच्या जंगलापर्यंत हवामानाच्या इतक्या तऱ्हा आहेत की कापसाचे कापड, ताडवर्गी झाडाच्या तंतूंचे कापड आणि कातडे यांपैकी काय वापरायचे, हे तिथे दर काही शे किलोमीटरवर बदलते. पैठणी, कांथा आणि पश्मिना एकाच खोलीत टांगून तिला "आशियाई लुक" असे कुणी म्हटले, तर आपल्याला जे वाटेल, तेच अक्रामधील माझ्या मैत्रिणींना झेब्र्याच्या पट्ट्यांची उशी, लाकडी मुखवटा आणि जिराफाचा पुतळा असा दिवाणखाना पाहून वाटते. त्यांच्या घरांत यांपैकी काहीही नसे. त्यांच्या घरांत खिडक्यांना आवडीचे छापील सुती पडदे, कोपऱ्यात आजोबांचे लाकडी आसन, भिंतीवर पदवीदानाची छायाचित्रे आणि कपाटात समारंभासाठी घडी घालून ठेवलेले, केंटे नावाचे हातमागाचे रंगीत कापड असे. म्हणून माझा पहिला आग्रह असतो, तो वस्तूचे नाव, गाव आणि काम विचारण्याचा. ही तीन उत्तरे मिळाली की ती वस्तू घरात कुठे ठेवायची, हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

बाणेरच्या त्या भिंतीसाठी मी टोपल्यांऐवजी कापड सुचवले, आणि ते कापड माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचे असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. माली देशातील बामाना लोक या कापडाला बोगोलानफिनी म्हणतात. "बोगो" म्हणजे चिखल आणि "फिनी" म्हणजे कापड. मधल्या "लान"चा अर्थ "च्या योगे" असा घेतला, तर चिखलाच्या योगे केलेले कापड, असा सरळ अर्थ निघतो. सूत बायका कातत आणि पुरुष अरुंद मागावर जेमतेम वीतभर रुंदीची लांबच लांब पट्टी विणत. ती पट्टी तुकडे करून काठाला काठ लावून शिवली की अंगावर घेण्याएवढे कापड तयार होते. अस्सल तुकडा उलटा करून पाहिला तर या उभ्या शिवणी स्पष्ट दिसतात, आणि सलग पन्न्याच्या कापडावर यंत्राने छापलेल्या नकलेत त्या नसतात. विकत घेताना मी आधी त्या शिवणींवरून बोट फिरवून पाहते.

रंगकाम बायकांचे. आधी कापड धुऊन घेतात, म्हणजे जे आटायचे ते आटून जाते, आणि मग न्गालामा नावाच्या झाडाच्या पाल्याच्या काढ्यात ते भिजवतात. कापड पिवळे होते. हे झाड म्हणजे आपल्या धावड्याचे अगदी जवळचे भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघांची गणना परंपरेने एकाच प्रजातीत होत आली आहे. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या रानांत ज्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवांसाठी गोळा करतो, त्या धावड्याच्या आफ्रिकी भावंडाचा पाला मालीमध्ये कापड रंगवण्याच्या कामी येतो, हे कळले त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. त्या पाल्यात तुरट द्रव्य भरपूर असते आणि पुढची सगळी किमया त्या तुरटपणावर चालते. गावच्या तळ्याच्या तळातून काढलेला लोहयुक्त चिखल मडक्यात भरून महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षभर, आंबवत ठेवलेला असतो. तो काळा चिखल बांबूच्या किंवा लोखंडाच्या चपट्या काडीने पिवळ्या कापडावर लावला की पाल्यातले तुरट द्रव्य आणि चिखलातले लोह यांचा संयोग होऊन पक्का काळा रंग धाग्यात बसतो. कापड वाळवून धुतात तेव्हा चिखल पाण्याबरोबर निघून जातो आणि रंग राहतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून पोथ्या लिहिण्याची शाई करत असत, तीही याच संयोगाची. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकशीतले लोह यांनी जे काम कागदावर केले, तेच काम तिथे कापडावर होते.

या कामातली सर्वांत अवघड गोष्ट वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. काळ्या जमिनीवर पांढरी नक्षी दिसते, म्हणून नक्षी पांढऱ्या रंगाने काढली असावी, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात नक्षीला हातच लावलेला नसतो. तिच्या कडा चिखलाने आखायच्या आणि मग नक्षी सोडून उरलेली सगळी जमीन चिखलाने भरत जायचे. ठिपका हवा असेल तर ठिपका सोडून भोवताली रंगवायचे. रंग गडद व्हावा म्हणून हीच जमीन पुन्हा एकदा भरायची. रांगोळीत आपण रेघ काढतो आणि जमीन मोकळी सोडतो, तर इथे जमीन काढायची आणि रेघ मोकळी सोडायची. शेवटी पिवळ्या उरलेल्या नक्षीवर क्षार, शेंगदाणे आणि बाजरीचा कोंडा घालून केलेले मिश्रण लावून कापड काही दिवस उन्हात ठेवतात आणि धुतात, म्हणजे पिवळा रंग उडून पांढरी नक्षी उमटते. एका कापडाला काही आठवडे सहज लागतात. सजावटीच्या दुकानांत हल्ली पांढऱ्या जमिनीवर मोजक्या काळ्या रेघा असलेली उशांची आवरणे याच नावाने विकली जातात. त्यांत चिखलानेच थेट रेघा ओढलेल्या असतात, काम झटपट होते आणि भावही कमी असतो. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांवरही मालीतल्या कारागिरांची घरे चालतात. मात्र दोन्हींतला फरक माहीत असल्याशिवाय दोन्हींना एकच किंमत देऊ नये आणि एकच किंमत मागूही नये.

हे कापड मुळात दिवाणखान्यासाठी नव्हते. शिकारीला जाणाऱ्या पुरुषांच्या अंगरख्यासाठी आणि स्त्रियांच्या आयुष्यातल्या रक्ताशी निगडित नाजूक प्रसंगी अंगाभोवती गुंडाळण्यासाठी ते वापरले जाई, कारण संकटाची शक्ती ते स्वतःत शोषून घेते आणि माणसाला राखते, अशी श्रद्धा होती. आईकडून लेकीकडे हे शिक्षण जाई. मालीची राजधानी बामाको हिच्या उत्तरेकडील कोलोकानीच्या परिसरातल्या नाकुंते दियारा यांच्या कापडांनी या कलेचे नाव संग्रहालयांपर्यंत नेले. 1978 मध्ये बामाकोतील सहा तरुण चित्रकारांनी बोगोलान कासोबाने हा गट स्थापन केला आणि परदेशी रंग बाजूला ठेवून पाला व चिखल यांनीच चित्रे रंगवायला सुरुवात केली. त्याच सुमारास ख्रिस सेदू या मालीच्याच वेशरचनाकाराने याच नक्षीची आखूड जाकिटे आणि स्कर्ट शिवून ती पॅरिसपर्यंत पोहोचवली. कपड्यांनंतर ती उशांवर, सोफ्यांवर आणि भिंतींवर आली. हा क्रम मी ग्राहकांना मुद्दाम सांगते, कारण आधुनिक सजावटीने आफ्रिकेतील कला "शोधून काढली", ही समजूत फार पसरलेली आहे. बोगोलानच्या बाबतीत तरी तिला आधुनिक रूप देणारे हात मालीचेच होते.

युरोपातील घरांत आफ्रिकी वस्तू शिरण्याची गोष्ट अर्थातच त्याहून जुनी आहे. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर लग्रँ यांनी आफ्रिकी आसनांवरून थेट प्रेरणा घेऊन श्रीमंतांच्या घरांसाठी आसने घडवली. चित्रकार मातिस यांनी कांगोतील कुबा लोकांची ताडतंतूंची कापडे जमवून आपल्या चित्रशाळेत भिंतीवर लावली होती आणि मखमलीसारख्या पोतामुळे ते त्यांना मखमलच म्हणत. या कापडांत पुरुष जमीन विणतात आणि बायका तीवर तंतू भरून, वर आलेली टोके कापून लव आणतात. लग्रँ आणि मातिस यांची नावे इतिहासात नोंदली गेली. ज्यांच्या कामावरून त्यांनी प्रेरणा घेतली, त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे मात्र कुणी लिहूनच ठेवली नाहीत. 1897 मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याचा राजवाडा लुटून हजारो पितळी शिल्पे युरोपात नेली, तेव्हाही त्यांचे ओतकाम करणाऱ्यांची नावे विचारण्याची गरज कुणाला भासली नव्हती. म्हणूनच मी जुन्या, "अस्सल पुरातन" मुखवट्यांच्या वाटेला जात नाही. घानामधून जुन्या वस्तू बाहेर नेण्यासाठी तिथल्या वस्तुसंग्रहालये व स्मारके मंडळाची परवानगी लागते, आणि ज्याच्यापाशी असे कोणतेही कागद नाहीत, त्या विक्रेत्याला मी नमस्कार करून परत येते. आज हयात असलेल्या कारागिराने आज घडवलेली वस्तू घ्यावी, त्याला तिचे पैसे द्यावेत आणि जमल्यास त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे, एवढे तर प्रत्येकाला करता येते.

आसनाचा विषय निघाला आहे, तर माझ्या घरातल्या आसनाविषयीही सांगते. कुमासी शहराजवळ आह्विया नावाचे लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथे मी एका वृद्ध कारागिराला सेसे झाडाच्या ओल्या, पांढरट ओंडक्यातून आसन घडवताना दोन दिवस पाहिले. आसांते (आशांती) लोकांचे आसन एकाच ओंडक्यातून कोरतात. जोड नाही, खिळा नाही, सरस नाही. खाली सपाट बैठक, मध्ये एखाद्या चिन्हाच्या आकाराचा आधार आणि वर चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकांनी उचललेली बसण्याची जागा. त्यांच्या हातात वाकसासारखे हत्यार होते आणि एकही रेघ न आखता ते दोन्ही टोकांचा बाक नजरेने सारखा साधत होते. विकत घेतलेले आसन गाडीत ठेवताना त्यांनी ते माझ्या हातून घेतले, कुशीवर आडवे केले आणि म्हणाले, "ताई, कुणी बसलेले नसेल तेव्हा हे असे ठेवा." ताई हा शब्द अर्थात माझा, त्यांनी त्यांच्या भाषेतले बहिणीला हाक मारण्याचे संबोधन वापरले होते. आसनावर ज्याचे बसणे-उठणे असते त्याचा अंश त्यात उतरतो, आणि रिकामे आसन उभे ठेवले तर भलतीच कुणी शक्ती येऊन तिथे बसेल, अशी ती समजूत आहे.

ही समजूत किती खोल आहे, हे इतिहासात दिसते. आसांते राष्ट्राचा आत्मा ज्यात वसतो असे मानतात, ते सुवर्णासन कधीही जमिनीला टेकवत नाहीत आणि त्यावर राजाही बसत नाही. 1900 च्या मार्चमध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसन यांनी कुमासीत येऊन ते आसन आपल्याला बसायला का आणले नाही, असा जाब विचारला, आणि एजिसूच्या राजमाता याआ आसांतेवा यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. इंग्रजांनी शेवटी प्रदेश ताब्यात घेतला, याआ आसांतेवांना पकडून सेशेल्स बेटांवर पाठवले, पण आसन काही त्यांच्या हाती लागले नाही. सजावटीच्या मासिकांत याच घडणीची आसने सोफ्याशेजारी दिवा ठेवण्यासाठी किंवा कुंडीखाली वापरलेली मी पाहते, तेव्हा मला त्या वृद्ध कारागिराचे हात आठवतात. लाकूड पाण्याने काळे पडते, हे व्यावहारिक कारण तर आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की पाटावर कुंडी ठेवलेली जशी आपल्या आजीला खपली नसती, तशी ती मला तिथे खपत नाही. माझे आसन बसण्यासाठी आहे. पाहुणे आले की ते उभे होते, आणि गेले की आडवे.

घानामधून परतल्यावर एक गोष्ट मात्र मी मुद्दाम शिकून घेतली, ती म्हणजे आफ्रिकेतील आजचे रचनाकार स्वतःच्या परंपरेशी कसे वागतात. आपण त्यांच्या वस्तू जपून काचेत ठेवू पाहतो, पण ते त्यांना निर्भयपणे हाताळतात. बुर्किना फासोतील गांदो हे फ्रान्सिस केरे यांचे गाव. 2022 मध्ये वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुकार. त्यांनी आपल्या गावात ग्रंथालय बांधले, तेव्हा गावातल्या बायकांनी घरी वळलेली मातीची मडकी डोक्यावरून बांधकामापर्यंत आणली. त्या मडक्यांची तोंडे आणि बुडे कापून टाकली, उरलेली गोल वलये छताच्या स्लॅबमध्ये मांडली आणि त्यांच्या भोवती काँक्रीट ओतले. आता त्या छताला लहान-मोठी गोल भोके आहेत. त्यांतून उजेडाचे कवडसे खाली पडतात आणि वर चढलेली गरम हवा त्याच भोकांतून बाहेर जाते. मी बोल्गा टोपलीची मूठ कापायला नकार देते आणि केरे यांनी मडक्यांची बुडे कापली याचे कौतुक करते, यात त्या दांपत्यातील यजमानांना विसंगती वाटली आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. प्रश्न रास्त होता. माझे उत्तर असे की गांदोमध्ये मडके कापल्यावर त्याला नवे काम मिळाले, उजेड आणि वारा आणण्याचे, आणि ते काम वळणाऱ्या बायकांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच मुलांसाठी झाले. टोपलीची मूठ कापल्यावर तिचे होते ते काम जाते आणि नवे काही मिळत नाही.

बुर्किना फासोच्याच वागाडूगू शहरात हामेद वात्तारा तेलाची जुनी पिंपे कापून, ठोकून त्यांची कपाटे करतात आणि पत्र्यावरचे जुने रंग व ओरखडे तसेच राहू देतात. सेनेगलमधील डाकार शहरात ऐसा दिओन यांनी मान्जाक विणकरांचा अरुंद माग रुंद करून घेतला, कारण वीतभर पट्टीतून सोफ्याचे कापड बेतताना शिवणीच फार येत. मान्जाक मागावर विणकराच्या जोडीला नक्षीचे दोर उचलणारा दुसरा माणूस लागतो, आणि ती दोघांची जोडी त्यांनी मोडली नाही. त्यांचे कापड आज युरोपातील नामांकित सजावटकार वापरतात. दक्षिण आफ्रिकेतील एस्थर महलांगू यांचे उदाहरण बहुतेकांना ठाऊक असेल. आई आणि आजीकडून शिकलेली, घराच्या भिंतीवर कोंबडीच्या पिसाने काढायची, न्देबेले समाजाची नक्षी त्यांनी 1991 मध्ये बीएमडब्ल्यू मोटारीवर काढली, आणि मोजपट्टी न वापरता काढली. आपल्या वारली चित्रांचा भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून साड्यांवर झालेला प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या गोष्टीतला लाभ आणि धोका दोन्ही कळतील. कारागिराच्या नावासह वस्तू पुढे गेली तर ती परंपरा वाढते. नुसती नक्षी पुढे गेली तर कुठल्यातरी कारखान्यात तिचे ठसे तयार होतात. केंटेच्या विणकामाला 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसायादीत स्थान मिळाले, तरी अक्राच्या बाजारात केंटेची नक्षी छापलेले स्वस्त परदेशी कापड विणलेल्या केंटेच्या शेजारीच विकायला असते आणि तेच अधिक खपते.

पुण्याच्या हवेत या वस्तू सांभाळायच्या कशा, हेही सांगायला हवे, कारण त्याबाबत कुणी सांगत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात निराशा पदरी येते. बोल्गाटांगाची हवा वर्षातले सहा-सात महिने कोरडी असते, तर आपल्याकडे जुलैत भिंतींनाही ओल येते. टोपली बंद कपाटात ठेवली तर तिला बुरशी धरते. ती वापरात, वाऱ्यावर राहिली तर टिकते. बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने झाडून उन्हाची एक तिरीप द्यावी, मात्र रंगीत टोपली दिवसभर कडक उन्हात ठेवू नये, कारण तिचे रंग उडतात. लाकडी आसनाखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसू लागली की लाकडात कीड शिरली असे समजावे आणि तत्काळ ते इतर लाकडी सामानापासून वेगळे करावे. बोगोलान कापड मी स्वतः थंड पाण्यात, वेगळ्या बादलीत, सौम्य साबणाने, न घासता हलक्या हाताने धुते आणि सावलीत वाळवते. पहिल्या धुण्यात पाणी थोडे मळकट होते, त्याने घाबरून जाऊ नये. भिंतीवर लावताना त्याला खिळे ठोकू नयेत. वरच्या काठाला मागून सुती पट्टी शिवून तिच्यातून लाकडी दांडी ओवावी, म्हणजे भार सगळ्या पट्ट्यांवर सारखा विभागला जातो आणि हवे तेव्हा कापड उतरवून धुता येते.

बाणेरच्या घरात आता सोफ्यामागे अशाच दांडीवर एक कापड आहे. त्यावरच्या नऊ पट्ट्यांपैकी एक मागावरच किंचित तिरकी गेली आहे आणि तिच्यामुळे नक्षीची एक ओळ मध्येच अर्ध्या बोटाने खाली उतरते. यजमानांनी ते पहिल्याच दिवशी दाखवून दिले आणि बदलून मिळेल का, असे विचारले. आठवड्याने त्यांनीच फोन करून ते राहू द्या म्हणून सांगितले. मुठी शाबूत असलेल्या सहा टोपल्यांपैकी दोन सोफ्याजवळ शाली आणि वर्तमानपत्रे घेऊन बसल्या आहेत, एकीत कांदे-बटाटे आहेत, दोन त्यांनी बहिणींना दिल्या आणि सहावी त्यांच्या आई रविवारी मंडईत घेऊन जातात. परवा तिथेच भेट झाली. टोपलीत मेथीच्या दोन जुड्या, खाली नारळ आणि त्याच्याही खाली सुरण होता, आणि एवढ्या वजनाने मूठ जराही ताणलेली नव्हती.